कासऱ्याचे वेढे

आमचे दीर नौदलातून रिटायर होऊन गावी आले ते एक होडी घेऊन. लोक ट्रॅक्टर आणतात, म्हैस आणतात. दिरांनी शिडाची होडी आणली. हलकी, दोन माणसांपुरती, शिकाऊ लोकांसाठी असते म्हणे तसली. जिंतूरकडच्या धरणाचं पाणी आमच्या वावराच्या बांधाला लागतं. त्या पाण्यात भोयांचे तराफे आणि डुंबणाऱ्या म्हशी यापलीकडे कुणी काही पाहिलं नव्हतं. सारं गाव बघायला लोटलं. मला मात्र ती होडी पहिल्या दिवसापासून नको होती.

माझे यजमान साठीला आलेले, पण धाकट्या भावाकडून शिकायला बसले. शीड ज्या दोरीनं आवळतात ती त्यांनी हातात घेतली आणि सवयीनं तळव्याला वेढे दिले. आमच्याकडं बैलांचा कासरा असाच धरतात. बैल बुजला की कासरा सुटता कामा नये. सुटला तर गाडी खड्ड्यात.

दिरांनी वेढे सोडवले. "दादा, हे बैल न्हाईत. वारं अंगावर आलं की दोरी सोडून द्यायची. हाताला गुंडाळायची तर कधीच न्हाई."

"बरं," हे म्हणाले. दिरांची पाठ फिरली की पुन्हा वेढे. सगळे हसायचे. मला हसू येत नव्हतं. जित्याची खोड, म्हणतात ना. पुढचं मी तोंडात येऊ दिलं नाही.

त्या वैशाखात लेक कॉलेजच्या सुट्टीत घरी आली. एका दुपारी बापलेक दोघंच होडीत बसायला निघाले. पान हलत नव्हतं. पलीकडच्या टेकडीवर आभाळ मातकट झालेलं. भोयांनी तराफे लवकरच वर ओढून ठेवले होते आणि काठावर एकही बगळा नव्हता.

"आज ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले.

"वारंच न्हाई तर बुडवतंय कोण? चहा ठिव, आलोच आमी."

हाकेच्या अंतरावर गेले असतील. आधी पाण्यावर काळा पट्टा दिसला. तो सरळ त्यांच्याकडं सरकत होता, आणि काठावर अजून झुळूकही नव्हती. दीर वावरातून ओरडत धावले, "दादा, सोडा! दोरी सोडा!"

यांनी ओढली. पाय रोवून, दात खाऊन, बुजलेल्या बैलाला ओढावं तशी. होडी कलती झाली आणि शीड पाण्यावर आडवं पडलं.

लेक होडीची कड धरून वर दिसली. हे दिसेनात. ते शिडाखाली होते. अंगातलं तरंगायचं जाकीट त्यांना वर दाबत होतं आणि हाताचे वेढे बाजूला सरू देत नव्हते. पोरीनं स्वतःचं जाकीट काढलं आणि बुडी मारली. जाकीट घालून खाली जाता येत नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हा दिसलं ते एवढंच, की नारिंगी जाकीट पाण्यावर तरंगतंय आणि त्यात माझी पोर नाही.

दीर पोहत निघाले होते, अजून पोचले नव्हते. मी कमरेएवढ्या पाण्यात उभी. मला पोहता येत नाही.

मग एक डोकं वर आलं. यांचं. देवाशपथ सांगते, मला आनंद झाला नाही. मी जीव खाऊन ओरडले, "तुमी कशाला आलात वर? पोरगी कुठंय?"

बऱ्याच वेळानं ती वर आली, होडीच्या पलीकडून, खोकत. यांचे वेढे सोडवताना तिचे पाय शिडाच्या कापडात अडकले होते. दिरांनी दोघांना काठाला आणलं.

संध्याकाळी यांच्या हाताला पट्टी होती. दोरीनं तळवा सोलून काढला होता. मी भाकरी कुस्करून घास भरवत होते. लेक आत झोपली होती आणि मी सारखी उठून तिचा श्वास बघून येत होते.

"तू वरडलीस ते आयकू आलं मला," हे म्हणाले.

मी उचललेला घास परत ताटात ठेवला.

"बराबर वरडलीस," म्हणाले, आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.