कुठले विंकलर?

मुंबईच्या विमानतळावर मला पोचवायला आई-अण्णा बार्शीहून आले होते. आत जायची वेळ झाली आणि अण्णाच सापडेनात. आईने डोळ्यांना लावलेला पदर काढला, रडणं तात्पुरतं बाजूला ठेवलं आणि ती त्यांना शोधायला लागली. अण्णा सापडले ते ट्रॉल्यांच्या रांगेशी, एका अनोळखी गृहस्थांच्या खांद्यावर हात टाकून. "मंजू, इकडे ये. हे जोशी. सोलापूरचे नव्हेत, वैरागचे. यांची आत्या आपल्या बार्शीत दिलेली. आणि यांचे चिरंजीव तुझ्याच विमानाने निघालेत." चिरंजीव कसनुसं हसले. अण्णांचा मात्र जीव भांड्यात पडला होता. आता मुलगी एकटी परदेशी चालली नव्हती, वैरागच्या जोशींच्या सोबतीने चालली होती. सिंगापूरला उतरल्यावर ते चिरंजीव आपली बॅग ओढत जे गेले, ते मला आजतागायत दिसलेले नाहीत.

तुम्हा बार्शीकरांपैकी जे गावातच राहिले, त्यांना अण्णांबद्दल वेगळं काही सांगायला नको. जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांच्याही घरी असा एखादा माणूस असेलच. आमचं आडनाव कुलकर्णी, म्हणजे नुसतं सांगून काहीच सांगितल्यासारखं होत नाही. त्यामुळे असेल, पण समोरच्याने आडनाव सांगितलं की अण्णा लगेच विचारणार, "कुठले?" दवाखान्यात, बँकेच्या रांगेत, एकदा आमच्याकडे चोरी झाली तेव्हा पंचनाम्याला आलेल्या हवालदारालासुद्धा. चार-पाच प्रश्नांत ते कुठल्यातरी आत्यापर्यंत किंवा साडूपर्यंत पोचत, आणि मग तो माणूस त्यांचा होऊन जाई. "मूळ कळलं की बोलायला बरं पडतं," असं ते म्हणायचे. मूळ कळेपर्यंत त्यांची गाडी हवापाण्याच्या पुढे जात नसे. कॉलेजात असताना माझ्या मैत्रिणी घरी यायच्या तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सिंगापुरात मला कुणीही कुठली म्हणून विचारलं नाही. पीएचडीला आले तेव्हा टॅम्पिनीसमध्ये एका चिनी आंटीच्या फ्लॅटमधली खोली भाड्याने घेतली होती. इथे नवा माणूस भेटला की विचारतो, राहतेस कुठे? ब्लॉक आणि जवळचं एमआरटीचं, म्हणजे मेट्रोचं, स्टेशन सांगितलं की विषय संपला. सुरुवातीला इतकं मोकळं वाटलं की विचारू नका. मग एकदा हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, मागच्या टेबलावर मराठी ऐकू आलं, आणि मी खुर्चीतून वळून चक्क विचारलं, "कुठले तुम्ही?" पुण्याचं जोडपं होतं. "पुण्याचे," म्हणाले, आणि आपले ट्रे घेऊन निघून गेले. मला अण्णांची फार आठवण आली. माझ्याच तोंडून ते बोलले याचा रागही आला.

मतियास मला बुओना व्हिस्टाला लॅबमध्ये भेटला. जर्मन, उंच, बोलायला कमी, आणि कुणाचंही मशीन बंद पडलं की न सांगता दुरुस्त करून जाणारा. आडनाव विंकलर. लग्नाचं बोलायच्या आधीच त्याने मला त्या आडनावाची गोष्ट सांगितली. त्याला तान्हा असताना कुणीतरी एका दवाखान्याच्या दाराशी ठेवून गेलं होतं. ज्या नर्सने त्याला उचलून आत नेलं, तिचंच आडनाव कागदावर लागलं. पुढे ती नोकरी सोडून गेली आणि हा बालगृहात वाढला. त्याने हे अगदी सरळ, हवामान सांगावं तसं सांगितलं. रडले ती मी.

घरी फोन करून लग्नाचं सांगितलं. अण्णांनी जे विचारायचं तेच विचारलं. "कुठले विंकलर?" मी म्हटलं, जर्मनीचे. "जर्मनी काय एवढीशी आहे का? आईवडील?" नाहीत, मी म्हटलं. अण्णा "अरेरे" म्हणाले. ते गेले असंच त्यांनी धरलं, आणि मीही पुढे काही बोलले नाही. आमच्या घरात स्थळ आलं की पहिल्यांदा कूळ बघत, मुलगा शेवटी. ज्याचं कूळच कुणाला ठाऊक नाही अशा माणसाला अण्णा काय म्हणतील, याचा विचारही मी टाळत होते.

लग्न सिंगापुरात नोंदणी पद्धतीने झालं. विधी वगैरे काही नाही. नंतर बार्शीत जेवणावळ घातली. अण्णा सगळ्यांशी नीट वागले. त्याला मतियासराव म्हणाले, स्वतः वाढायला उठले, पण जावयाशेजारी बसले की त्यांना काही सुचेना. "हवा काय म्हणते तिकडची?" असं त्यांनी त्याला एका दुपारभरात कितीदा विचारलं असेल, मतियासने प्रत्येक वेळी न कंटाळता उत्तर दिलं. ते दोघे अंगणात खुर्च्या टाकून मुक्याने बसलेले मी खिडकीतून पाहिले आणि मला दोघांचीही दया आली.

पुढे वर्षभराने असेल, रविवारच्या व्हिडिओ कॉलवर अण्णांचा चेहरा एकदम फुललेला. "मतियासराव, तुमच्यातले एक सापडले! विंकलर. धरणं बांधायचे. मोठं नाव होतं म्हणे." मोबाईलवर शोधायला ते कुणाकडून तरी शिकले होते. त्या दिवसापासून दर रविवारी एक नवा विंकलर यायला लागला. एक चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे. एक वजनं उचलणारे, त्यांच्यामुळे मतियासच्या खांद्यांचा उलगडा झाला. एक बाई गिर्यारोहक. एक बिचारे निवडणुकीत पडलेले, पण तेही अण्णांनी टाकले नाहीत. जगातल्या ह्या सगळ्या नामांकित मंडळींना त्यांनी एका वंशात बसवलं आणि बार्शीत ज्याला त्याला सांगत सुटले. आमची लीना झाली तेव्हा तिचं नाक कुठल्याशा विंकलर गायिकेवर गेल्याचं त्यांनी जाहीर करून टाकलं. नाक सरळसरळ माझ्या आईचं होतं. जावयाशी आता ते मोडक्या इंग्रजीत तास-तास बोलायचे. धागा मिळाला होता ना!

मी मतियासला म्हटलं, सांगून टाकू या का? तो म्हणाला, "राहू दे. आजवर माझ्यासाठी कुणी नातेवाईक शोधले नव्हते. मला ऐकायला आवडतं." मी तो विषय पुन्हा काढला नाही.

यंदा आम्ही टॅम्पिनीसमध्येच रीसेल फ्लॅट घेतला. आई-अण्णा पहिल्यांदाच सिंगापूरला आले, आणि नव्या घरात सत्यनारायण करायचा असं आईने येण्याआधीच ठरवून टाकलं होतं. अण्णा आठवड्याभरात रुळले. सकाळी खाली ब्लॉकच्या मोकळ्या जागेत पेपर वाचत बसलेल्या चिनी म्हाताऱ्यांना ते आपल्या इंग्रजीत काहीबाही विचारायचे, आणि वर येऊन सांगायचे, "तो लिम आहे ना, त्याचे आजोबा बोटीने आलेले." आमच्या मजल्यावर कोण कुठला, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं ते त्यांना कळलं.

त्याच आठवड्यात लीनाला शाळेतून काम मिळालं, आपल्या घराण्याचं मोठं चित्र काढून वर्गात सांगायचं. अण्णांना दुसरं काय हवं होतं? दोघं जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले. आम्ही ऑफिसातून आलो तर लीना नाचत दारात आली. "ममा, आजोबा से वन विंकलर बिल्ट अ डॅम, सो कूल लाह!" कागदावर धरणवाले होते, ऑर्गनवाले होते, गिर्यारोहक बाई होत्या, आणि सगळ्यांच्या खाली रेघा ओढत ओढत मतियास आणि मग लीना.

मतियासने ते चित्र वरपासून खालपर्यंत बघितलं. मग त्याने लीनाला आजीबरोबर आत पाठवलं आणि अण्णांसमोर बसला. त्याची मराठी थोडकी आहे, पण हे त्याने मराठीतच सुरू केलं. "अण्णा, हे लोक चांगले आहेत. पण माझे नाहीत." पुढचं तो इंग्रजीत बोलला आणि मी मराठीत सांगत गेले. दवाखान्याचं दार, ती नर्स, बालगृह. शेवटी तो म्हणाला, "मला स्वतःला चालत होतं. पण लीनाने वर्गात उभं राहून खोटं सांगू नये." 

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. एकच विचारलं. "त्या नर्सबाई कुठल्या होत्या?" मतियास म्हणाला, "माहीत नाही." अण्णा उठले, बेसिनवर जाऊन हात धुतले, आणि खोलीत जाऊन झोपले. जेवलेसुद्धा नाहीत.

पुढचे दोन दिवस त्यांच्या तोंडाला कुलूप. सकाळी खाली जात, पण म्हाताऱ्यांत बसत नसत, ब्लॉकला चकरा मारत. मतियास नेहमीसारखा वागत होता. त्यांच्यापुढे चहा ठेवत होता, आणि ते मान न उचलता पीत होते. मला अण्णांचा इतका राग आला की तो मी आईवर काढला. "एवढी वर्षं हा माणूस त्यांनी बघितलाय. मागे मी आजारी पडले तेव्हा याने काय काय केलं, त्यांना ठाऊक आहे. आता कूळ नाही म्हणून त्याच्याशी बोलणार नाहीत? असंच करायचं असेल तर मला ते इथे नकोत." आई प्रसादाचा रवा चाळत होती. "तू पण त्यांचीच आहेस," ती म्हणाली. "एकदम टोकाला जातेस. थांब जरा." मी थांबले नाही, मनातल्या मनात भांडत राहिले. पूजा पुढे ढकलावी असंही वाटलं, पण प्रसादाचं सगळ्यांना सांगून झालं होतं.

रविवारी सकाळी गुरुजी आले. तरुण मुलगा, सांगलीकडचा, आठवडाभर बँकेत असतो आणि शनिवार-रविवार पूजा सांगतो. केळीचे खांब मिळाले नव्हते, मतियासने कुंड्यांतली उंच झाडं उचलून चौरंगाच्या चारी कोपऱ्यांना लावली. अण्णा भिंतीशी खुर्चीवर बसले होते, आईच्या सांगण्यावरून टोपी घालून. मतियास सोवळं नेसून पाटावर बसला, मी शेजारी बसले. गुरुजींनी त्याच्या तळहातावर पाणी घातलं, संकल्प सुरू केला आणि जिथे थांबायचं तिथे तो थांबला.

"गोत्र?"

मतियासने माझ्याकडे पाहिलं. मला हे सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं बाहेर राहून मी विसरलेच होते की देवापुढे बसलं तरी हा प्रश्न येतोच.  अण्णांकडे बघायची हिंमत होईना.

गुरुजी समजूतदार होता. "हरकत नाही ताई. ज्यांचं माहीत नसतं त्यांचं कश्यप सांगतात. कश्यप म्हणू या."

"माहीत नाही कोण म्हणालं?" अण्णा बोलले. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "भारद्वाज म्हणा."

गुरुजींनी हात थांबवला. "भारद्वाज म्हणजे... काका, ते तर तुमचं असेल ना?"

"माझंच. त्यांचंही तेच."

"अहो, पण मग ताई आणि हे सगोत्र होतात! शास्त्राप्रमाणे तसं..." गुरुजी गडबडला. त्याचं काही चुकलं नव्हतं. अशा बाबतीत सगळ्यात काटेकोर माणूस म्हणजे आमचे अण्णाच. गोत्र एकच निघतं म्हणून त्यांनी माझ्या चुलतबहिणीची चांगली चांगली स्थळं परत पाठवली होती.

"शास्त्र मला ठाऊक आहे," अण्णा म्हणाले.  त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "पोरगी एवढ्या लांब आली, गुरुजी. लग्नात तिचं गोत्र जायचं, ते राहिलं तर राहू दे की तिच्याजवळ. आणि हे... यांना कुणीतरी उचलून आत घेतलं म्हणून हे आज इथे बसलेत. त्या बाईंनी आपलं नाव दिलं. माझ्याकडे दुसरं काय आहे द्यायला? तुम्ही भारद्वाज म्हणा. काय दोष लागायचा तो मला लागू दे."

आतून आईचा नाक ओढल्याचा आवाज आला.

घर म्हणजे काय, हे मला अजून नीट सांगता येत नाही. विमानतळावर आत गेले तेव्हा वाटलं होतं, घर मागे राहिलं. या फ्लॅटची किल्ली हातात आली तेव्हा वाटलं, आता हेच. आणि कुणी विचारलं की मी दोन्हीकडची थोडी थोडी आहे असं सांगायचे, म्हणजे खरं तर कुठलीच नाही. त्या सकाळी पाटावर बसलेले असताना तसं वाटलं नाही, एवढं खरं.

मतियासला एवढी भरभर मराठी कळत नाही. तळहात तसाच पुढे धरून त्याने हळूच विचारलं, "काय म्हणाले?"

"तू आमच्याकडचा आहेस, म्हणाले," मी सांगितलं.

त्याने मान खाली घातली. नकळत त्याचे दोन्ही हात जोडले गेले आणि संकल्पाचं सगळं पाणी सांडून गेलं.  गुरुजींनी पळी पुन्हा भरली, मतियासच्या हातावर सोडली आणि भारद्वाज म्हणाला.