तोडीचं पाणी

उमरग्याचे महांतप्पा कापडाचं दुकान चालवायचे आणि जलतरंग वाजवायचे. चिनी मातीच्या वाट्या अर्धगोलात मांडून सकाळी तोडी राग सुरू झाला की शेजारपाजारचे ओट्यावर येऊन बसत. वाट्यांत पाणी कोण भरतं, हे मात्र कुणी विचारलं नाही आणि महांतप्पांनीही कधी सांगितलं नाही. भरायच्या त्यांच्या पत्नी उमाबाई. थोडं ओतायचं, काडी मारून ऐकायचं, चमचाभर काढायचं. तोडीचे अवघड कोमल सूर त्यांच्याच कानाला सापडत. महांतप्पांना स्वतः जुळवता येत ते भूपाचे पाच सोपे सूर.

संस्थान जाऊन दहाएक वर्षं झाली असतील. रेडिओसाठी वादक निवडणारी मंडळी धाराशिवला येणार, असा निरोप आला. आत एकट्या वादकालाच सोडणार होते. रेडिओवर वाजवायचं हे महांतप्पांचं तरुणपणापासूनचं वेड; त्यांची झोपच उडाली. भूप वाजवावा, तर तो शिकाऊ पोरंही वाजवतात. तोडी वाजवावी, तर पाणी कोण लावणार?

उमाबाईंनी साधा मार्ग सुचवला. "त्यास्नी इचारून बघा की. म्या पानी लावून लगीच भाईर येते."

"अन् लोक काय म्हनतील? म्हांतप्पा बायकोच्या कानानं वाजिवतो?"

उमाबाईंना ते फार लागलं. तरी त्यांनी दुकानातल्या चिंध्यांत एकेक वाटी गुंडाळून दिली, एस.टी.त वाट्यांची पेटी मांडीवर घेतली आणि धाराशिवला खिडकीखाली व्हरांड्यात बसून राहिल्या.

भूप चांगला झाला. परीक्षकांतले एक म्हातारे खुशीत म्हणाले, हात गोड आहे, पण भूपावर निवड कशी करायची? तुमच्या तोडीचं फार ऐकलंय, ती वाजवा. पाण्याची घागर शेजारीच होती आणि बायको खिडकीबाहेर. एका वाक्याचं काम होतं.

महांतप्पा म्हणाले, "तोडी मला येत न्हाय, साहेब."

शिकून पुन्हा या, असं सांगून परीक्षकांनी पुढच्या वादकाला बोलावलं.

खिडकीतून सगळं ऐकलेल्या उमाबाई पेटी घेऊन त्यांच्याबरोबर घरी परतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी महांतप्पा सवयीनं काड्या घेऊन बसले, तर वाट्या कोरड्या. उमाबाई दारात उभ्या होत्या. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच बोचलं.

"तोडी येत न्हाय म्हनलात. मंग इतकी वर्सं म्या कुनासाठी पानी लावत हुते?"

त्या आत चुलीकडे गेल्या. महांतप्पांनी तांब्या उचलून कोमल रिषभाच्या वाटीत पाणी ओतलं, काडी मारली, पुन्हा थोडं ओतलं. सूर लागला की नाही ते त्यांना कळेना, आणि विचारायला तोंड उरलं नव्हतं.