थोरलीचा सकाळचा आवाज

तिला सगळे वहिनी म्हणत. मेकॅनिक म्हणत, गाड्या धुणारे म्हणत, सुटे भाग घेऊन येणारा टेंपोवाला म्हणे. नवीन आलेले मॅनेजरसाहेब आठ दिवस मॅडम म्हणाले आणि नवव्या दिवशी तोंडातून वहिनी निघून गेलं तेव्हा स्वतःच लाजले. कोणाची वहिनी, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. बावीस वर्षं ती त्या गॅरेजच्या काउंटरवर बसत होती. गाडीचं दुखणं आमच्याआधी तिला कळतं, असं म्हातारा मिस्त्री येईल त्याला सांगायचा, आणि मिस्त्री उगाच कोणाला चढवणारा माणूस नव्हता. स्वतःच्या मुलाच्या लग्नातल्या जेवणालाही तो "ठीक होतं" म्हणाला होता.

गॅरेजात येत त्या मोठ्या गाड्या. उंच, रुंद, चामड्याच्या खुर्च्यांच्या, एके काळी रस्त्याने निघाल्या की माणसं मान वळवून बघत राहत अशा. आता त्या पंधरा-सोळा वर्षांच्या झाल्या होत्या. त्यांतलं एक मॉडेल फार येई, त्याला गॅरेजातली मंडळी थोरली म्हणत. थोरलीचा पहिला मालक श्रीमंत असे, दुसरा हौशी, आणि तिसरा भोळा. तिसऱ्याला ती अगदी स्वस्तात मिळे. महिनाभर तो तिला पुसून पुसून लख्ख ठेवी, शेजाऱ्यांना फिरवून आणी. मग थोरली आपली दुखणी एकेक करून बाहेर काढी. तेल पिई, पाणी गाळी, चढावर धापा टाकी, काचेखाली पिवळा दिवा लावून रुसून बसे. आणि मालक तोंड पाडून वहिनीसमोर येऊन उभा राही.

"आवाज येतो," एवढ्यावर वहिनी कागद भरत नसे.

"कसा येतो? करून दाखवा."

मोठमोठी माणसं आधी इकडेतिकडे बघत. बँकेचे साहेब, हाडांचे डॉक्टर, बोटाबोटांत अंगठ्या घातलेले कंत्राटदार. मग मान खाली घालून, ओठ चोळून हळूच म्हणत, "टक्... टक्..."

"टक् टक् की टिक् टिक्? नीट आठवा. घाई नाही."

मग ते डोळे मिटून आठवत आणि दुसऱ्यांदा जरा मोकळ्या गळ्याने करत. तिसऱ्यांदा करताना त्यांना गंमत वाटू लागे. वहिनी ऐके आणि जसाच्या तसा आवाज लिहून घेई. मिस्त्री बाकीचं काही वाचत नसे, तेवढा शब्द वाचे. टिक् टिक् असेल तर वरचं झाकण उघडायचं. घर्र असेल तर बेअरिंग. सूं असेल तर कुठेतरी हवा निसटतेय. आणि खुळखुळ लिहिलं असेल, तर मिस्त्री हातातला पाना खाली ठेवून स्वतः उठत असे.

हा कान तिला कोणी दिला नव्हता. तरुणपणी ती यंत्रमागाच्या कारखान्यात होती. चोवीस माग एकदम धडधडत असत, आणि त्या गदारोळातून एका मागाचा आडवा धागा नेणारा धोटा अडखळतोय हे पाठमोरं राहून ओळखावं लागे. कारखाना बंद पडला. माग भंगारात गेले, कान तेवढा तिच्याजवळ उरला.

नव्या मॅनेजरसाहेबांना मात्र हे सगळं तमाशासारखं वाटे. माणूस वाईट नव्हता. शर्टाच्या कॉलरपासून कागदाच्या कडेपर्यंत सगळं त्याला सरळ लागे, इतकंच. त्याने एक स्क्रीन मागवला होता. गिऱ्हाइकाने त्यावर बोट ठेवायचं. आवाज: होय किंवा नाही. धूर: होय किंवा नाही. झालं.

"वहिनी, गेल्या महिन्यात तुमच्याविरुद्ध दोन तक्रारी आल्यात," तो म्हणाला होता. "एका गृहस्थांना तुम्ही चार लोकांत बेडकासारखा आवाज काढायला लावलात."

"बेडूक त्यांचा त्यांनीच काढला, साहेब. मी फक्त विचारलं होतं."

"तिसरी तक्रार आली की काउंटरवर स्क्रीन, आणि तुम्ही मागच्या स्टोअरमध्ये. मला वाईट वाटेल, पण करावं लागेल."

स्टोअर म्हणजे मागची खोली. खिडकी नाही, एक ट्यूबलाइट, फिल्टरची खोकी छतापर्यंत. दिवसभरात एखादा पोरगा दार ढकलून नंबर सांगे आणि डबा घेऊन जाई. वहिनीला अंधाराची भीती नव्हती. पण जिथे कोणी काही सांगायलाच येत नाही, तिथे दिवस कसा काढायचा, हे तिला कळेना.

अशा दिवसांत एका दुपारी निवृत्त न्यायाधीश आपली थोरली घेऊन आले. पांढरेशुभ्र केस, पाठ ताठ, चालणं असं की दरवाजाही जरा अदबीने उघडला.

"तक्रार काय, साहेब?"

"माझी काही नाही. आमच्या मंडळींची आहे. त्यांचं म्हणणं, सकाळी गाडी सुरू केली की आवाज येतो."

"कसा? करून दाखवा."

काउंटरपाशी तीन माणसं होती. न्यायाधीशांनी चष्म्यावरून वहिनीकडे पाहिलं. "मी?"

"लाजू नका. काल एक सर्जन येऊन पाच मिनिटं पंख्यासारखे फिरले इथे."

"बाई, मी लाजत नाही. जे मी स्वतः ऐकलेलं नाही ते मी सांगत नाही. ही ऐकीव साक्ष झाली. तीस वर्षं मी ती फेटाळत आलोय."

"म्हणजे तुम्हाला आवाज येतच नाही?"

"काच वर केली की आत ग्रंथालयात बसल्यासारखं वाटतं. म्हणून तर घेतली ही गाडी."

मिस्त्रीने थोरलीचं झाकण उघडलं, कान लावला, इंजिन चालू-बंद करून पाहिलं. काही नाही. तासभर चालून आलेली गाडी, तेल गरम, सगळं कसं लोण्यासारखं. तरी तो डोकं खाजवत वहिनीकडे आला.

"या वयात साखळीचा संशय घ्यायलाच हवा. पण साखळी बोलते ती गारठलेल्या इंजिनात. गाडी आज राहू द्या. सकाळी ऐकतो."

इंजिनाच्या पोटात एक लांब साखळी असते. ती जागेवर राहावी म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, आणि तेलाचा दाब तिला ताणून धरतो. गाडी उभी असताना तेल खाली उतरतं, साखळी सैल होते, आणि पट्ट्या म्हाताऱ्या झाल्या असल्या की पहिल्या सुरुवातीला ती त्यांच्यावर आपटते. तेल वर चढेपर्यंत, दोन-तीन सेकंद. मग दिवसभर गाडी अशी शहाण्यासारखी वागते की सांगणाराच खोटा ठरावा. आणि एक दिवस पट्टी तुटते, साखळी घसरते, आणि आतल्या आत सगळ्याचा चुराडा होतो.

"राहू देता येणार नाही," न्यायाधीश म्हणाले. "उद्या सकाळी सातला निघायचंय. घाट चढून मुलीकडे जायचंय."

मॅनेजरसाहेबांनी गाडीला वायर लावून स्क्रीन पाहिला. "एकही दोष नोंदलेला नाही. वहिनी, शिक्का मारा."

"साहेब, थंड इंजिन कोणी ऐकलंय?"

"ज्यांची गाडी आहे त्यांनी. रोज. त्यांना आवाज येत नाही. आणखी काय हवंय तुम्हाला?"

न्यायाधीश घड्याळ बघत होते. वहिनीने शिक्का मारला. बावीस वर्षांत तिने हजारो शिक्के मारले असतील, पण हा जरा वाकडाच पडला.

संध्याकाळी घरी आली तेव्हा नवरा शिवणयंत्रावर वाकला होता. तो शर्ट शिवायचा, शांत माणूस, दिवसात बोलायचा त्याहून जास्त बटणांची काजं करायचा. वहिनीने आत जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि आतूनच ओरडली,

"अहो, यंत्राला तेल घाला! किती कुरकुरतंय ते!"

"कुठे कुरकुरतंय? मला नाही ऐकू येत."

"तुम्हाला कसं ऐकू येईल! पायडल मारणाऱ्याला कधी ऐकू येतं का? मी इथे लांब उभी आहे, मला येतं."

एवढं बोलली आणि तिथेच थबकली. चहा उतू गेला तरी तिचं लक्ष नव्हतं. नवरा काहीतरी जळल्यासारखा वास आला म्हणून उठून आला, तर ही ओट्याला टेकून भिंतीकडे बघतेय.

"काय झालं गं?"

"मी चुकीच्या माणसाला विचारलं हो. काचा बंद करून आत बसलेल्या माणसाला विचारलं. आवाज बाहेर येतोय, आणि बाहेर कोण उभं असतं?"

तिने न्यायाधीशांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. निवृत्त माणसं दिवेलागणीनंतर फोन बंदच करून ठेवतात, यात नवल काही नव्हतं.

"मी सकाळी त्यांच्या घरी जाते," ती म्हणाली.

"गिऱ्हाइकाच्या घरी? तुमच्यात परवानगी आहे तशी?"

"नाही."

"मग बसवतील तुला त्या स्टोअरात."

"बसवू देत. पण घाटात मधल्या वळणावर ती गाडी बंद पडली, तर त्या बाई शेजारीच बसलेल्या असणार ना? त्यांनी तर आधीच सांगितलं होतं. त्यांचं कोणी ऐकलं नाही, एवढाच त्यांचा गुन्हा."

नवरा वळला. यंत्राला तेल घालायला गेला.

पहाटेच्या पहिल्या बसमध्ये वहिनी एकटीच होती. बाहेर उजेड हळूहळू, दूध तापत यावं तसा वर येत होता. दुकानांची शटरं खाली होती, झाडांच्या पानांवर ओल होती, आणि रस्त्याला अजून कोणाच्या पायांची सवय झाली नव्हती. तिने न्यायाधीशांनी काउंटरवर दिलेल्या कार्डावरचा पत्ता चारदा वाचला. कुंपणांची, छोट्या छोट्या फाटकांची ती गल्ली होती. शेवटच्या घरासमोर थोरली उभी होती, काळी, धुतलेली, मागचा दरवाजा उघडा. न्यायाधीश आत बॅग ठेवत होते. आणि फाटकाशी, खिट्टीवर हात ठेवून, शाल पांघरलेली एक ठेंगणी बाई उभी होती.

न्यायाधीशांनी वळून पाहिलं. "तुम्ही? इथे? हे नियमात बसतं का?"

"नाही बसत, साहेब."

"निदान खोटं तरी बोलत नाही. काय हवंय?"

"तुमच्याकडून काही नको." वहिनी फाटकाकडे वळली. "ताई, आवाज कसा येतो हो?"

त्या बाईने क्षणाचाही विचार केला नाही. जणू कित्येक महिने उत्तर तोंडात धरूनच उभी होती.

"खुळखुळ. बटणांचा डबा हलवावा तसा. आधी एक सेकंद यायचा. मग दोन. आता तीन येतो, मी मोजते. मी फाटक उघडून उभी असते ना रोज, हे बाहेर काढेपर्यंत. यांना सांगितलं तर म्हणतात, तुला भास होतात."

"मी 'भास' म्हणालो नव्हतो," न्यायाधीश म्हणाले. "'शक्यता' म्हणालो होतो."

"साहेब, आज सुरू केलीत का अजून?"

"नाही."

"मग एवढं करा. तुम्ही फाटकाशी या. ताई सुरू करतील."

"मी?" बाई हसली. "अहो, सोळा वर्षांच्या गाडीला ते अजून मला हात लावू देत नाहीत!"

पण गेली. शाल सावरून उंच पायरीवर चढली, त्या चामड्याच्या खुर्चीत जवळजवळ बुडाली, आणि तिने बटण दाबलं.

खुळखुळखुळखुळ.

मग थांबलं. इंजिन मांजरासारखं घुमू लागलं. समोरच्या घरातलं कुत्रं एकदा भुंकलं आणि गप्प झालं.

न्यायाधीश खिट्टीवर हात ठेवून तसेच उभे होते. "पुन्हा लावायला सांगा."

"पुन्हा नाही येणार. हा साक्षीदार दिवसातून एकदाच बोलतो, साहेब. आता उद्या सकाळी. आणि बंद करायला सांगा, चालवत आणूही नका. आमची माणसं ओढून नेतील."

बाई खाली उतरली. विजयाने नाही, जरा काळजीनेच नवऱ्याकडे बघत. ते बॅगा एकेक करून बाहेर काढायला लागले होते.

"सहा महिने तू मला सांगत होतीस," ते म्हणाले.

"आठ," ती म्हणाली. "चला, रिक्षा बघा. नऊची बस मिळाली तर दुपारपर्यंत पोचू."

गाडी ओढून न्यायला वहिनीने तिथूनच फोन केला होता, त्यामुळे ती गॅरेजात पोचली तेव्हा मॅनेजरसाहेब दारातच होते. "घरी गेला होतात?"

"गेले होते."

"नियम माहीत होता?"

"होता."

साहेबांनी कॉलर सरळ केली. त्यांना बोलायचं जिवावर आलं होतं, हे दिसत होतं. "स्टोअर."

वहिनीने आपला कप उचलला, पेन उचललं आणि मागच्या खोलीत जाऊन खोक्यांच्या मध्ये बसली. दुपारपर्यंत दोनदा दार उघडलं. दोन्ही वेळेला नंबर सांगितला, डबा नेला. ट्यूबलाइट गुणगुणत होती. तिच्यातलं काय बिघडलंय ते वहिनीला दहा मिनिटांत कळलं होतं, पण सांगायचं कोणाला?

दोनच्या सुमाराला मिस्त्री आला. हात कोपरापर्यंत काळे. त्याने तिला काही दाखवलं नाही, नुसती मान हलवून मागोमाग यायला सांगितलं आणि सरळ मॅनेजरसाहेबांच्या टेबलापाशी नेलं. सरळ कडांच्या कागदांवर त्याने साखळीशेजारची एक तपकिरी पट्टी ठेवली, तिचे दोन तुकडे झालेले.

"ही तुटलेली. हिच्या समोरची एका धाग्यावर होती, काढताना हातात आली."

साहेब बराच वेळ पट्टीकडे बघत राहिले. "किती चालली असती?"

"सपाटीवर, असेल चार दिवस. घाटात..." मिस्त्रीने खांदे उडवले. हात पुसले. "वहिनी नसत्या तर इंजिन गेलं होतं. आणि गाडीत माणसं असती." मिस्त्रीकडून एवढी स्तुती म्हणजे फार झालं. त्याचं त्यालाच ते जाणवलं असावं, कारण तो लगेच निघून गेला.

"तुम्हाला कसं कळलं?" साहेबांनी विचारलं.

"मला नाही कळलं. त्या बाईंना कळलं होतं. मी बावीस वर्षं गाडी चालवणाऱ्यालाच विचारत आले, साहेब. या गाड्यांच्या काचा एवढ्या चांगल्या की आतल्याला सगळ्यात शेवटी कळतं."

साहेबांनी पट्टीचे तुकडे शेजारी शेजारी सरळ ठेवले. "मी स्क्रीनवर एक ओळ वाढवून घेतो. बाहेर उभी राहणारी व्यक्ती."

"ती व्यक्ती इथे येत नाही ना. ती घरी असते. तिला फोन करावा लागतो, आधी इकडच्या तिकडच्या चार गोष्टी बोलाव्या लागतात. मग सांगते."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "किती वेळ लागतो अशा एका फोनला?"

"ज्याचं त्याचं."

"बरं," ते म्हणाले, आणि कॉलर सरळ करून, "बरं, वहिनी. जा. बाहेर लोक खोळंबलेत."

काउंटरवर एक कंत्राटदार आपल्या थोरलीची किल्ली वाजवत उभा होता. तेल पितेय म्हणाला. बाकी काही नाही, धूर नाही, आवाज नाही, गाडी एक नंबर आहे.

"तुमच्या घरी सकाळी फाटक कोण उघडतं?" वहिनीने विचारलं.

"फाटक? वॉचमन. का?"

"त्यांचा नंबर द्या."

कंत्राटदार चक्रावला, पण दिला. पलीकडे कोणीतरी घाबऱ्या आवाजात "हो जी" म्हणालं.

"नमस्कार दादा. घाबरू नका, तुमचं काही चुकलं नाही. चहा झाला का? बरं. मला एक सांगा, साहेबांची गाडी सकाळी पहिल्यांदा सुरू होते, तेव्हा मागून धूर निघतो का? कसा असतो तो, पांढरा की निळा?"

पलीकडे दार लोटल्याचं ऐकू आलं. मग घसा खाकरल्याचा आवाज आला.

"निळा, बाई. पण तो कधीपासून सुरू झाला, ते आधी सांगू का?"

"सांगा की," वहिनी म्हणाली, आणि तिने खुर्ची पुढे ओढली.