न दुखणारी गाठ

बानाबाईचा हात म्हणजे हात होता हो! लासूर स्टेशनच्या आसपास कुणाच्याही मेंढीची कास कडक लागली, की बानाबाईला सांगावा जायचा. बाई कास दाबून बघायची. मेंढीनं लाथ झाडली की म्हणायची, "बिघडली ही. आजच दवा करा." आणि मेंढी निवांत उभी राहिली, तर म्हणायची, "दुखत नाय ना? मंग सोडा चरायला." याच हिशेबावर तिनं हयात काढली, आणि याच हिशेबानं बाईनं माती खाल्ली.

झालं असं. तिची धाकटी बहीण शालू संभाजीनगरला, औरंगपुऱ्यात राहते. नवऱ्याचं कपड्याचं दुकान, ही दिवसभर गल्ल्यावर बसलेली. चहाबरोबर खारी, संध्याकाळी कचोरी, आणि चालणं म्हणाल तर रिक्षापासून दारापर्यंत. अंग चांगलंच सुटलेलं. एक दिवस दवाखान्याच्या बाया गल्लीत येऊन सांगून गेल्या, की बसून राहण्यानं, वजन वाढण्यानं छातीच्या कॅन्सरचा धोका वाढतो, वेळेत तपासून घ्या. शालूचं धाबंच दणाणलं. तिनं लगोलग फोन लावला, "आक्का, तू संगं चल. मला एकटीला भ्या वाटतंय."

बानाबाईला काय, संभाजीनगर म्हणजे जत्राच! ठेवणीतलं इरकली लुगडं नेसली, नवऱ्याला म्हणाली, "मेंढरं बघा, मी आले," आणि निघाली. नवरा बिरू. दिवसाला चार शब्द बोलला तर लई झाले. त्यानं नुसती मान हलवली.

क्रांती चौकात दोघी बहिणी रिक्षात बसल्या आणि बानाबाईच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "बसून खाल्लं की असंच व्हतं. आमचं बघ. बाजरीची भाकर, ठेचा, आन् दिवसभर रानोमाळ पायपीट. चार लेकरं अंगावर पाजली. आमच्याकडं कशाचा येतोय क्यान्सर?" शालू रडवेली झाली. रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "मावशी, बहन को रुलाते क्या अब?" तेव्हा कुठं बाई गप्प झाली.

दवाखान्यात शालूची तपासणी झाली. काही निघालं नाही. वजन उतरवा, रोज चाला, एवढंच सांगितलं. शालूच्या जिवात जीव आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, आलाच आहात तर तुम्हीही दाखवून घ्या." बानाबाई हसत आत गेली आणि हसतच म्हणाली, "डाव्या अंगाला एक गाठ हाय दिवाळीपासून. पण दुखत नाय." आणि वर मेंढीच्या कासेचा सगळा हिशेबही समजावून सांगितला.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मेंढीचं राहू द्या. बाईच्या छातीतली गाठ दुखो न दुखो, लगेच दाखवायची. घात करणारी गाठ सुरुवातीला बहुतेक दुखतच नाही."

"आवो पण मी चालती, भाकर खाती…"

"त्यानं धोका कमी होतो, मावशी. संपत नाही."

फोटो काढला, सुई घालून तपासलं. कॅन्सरच निघाला. पण लहान होता, पसरलेला नव्हता. बानाबाईला स्वतःचाच संताप आला. "मुक्या जित्राबाचं कळलं, आन् माझं मला नाय कळलं," म्हणत तिनं कपाळावर हात मारून घेतला.

घरी आली तर भावकी जमलेली. चंपाबाई नावाची चुलतसासू म्हणाली, "गाठीला सुरी लावू नये, चिघळती. झाडपाला बांधा." चौघींनी माना डोलावल्या. बानाबाईसुद्धा डगमगली हो! तेवढ्यात कोपऱ्यातून बिरू बोलला, "बाने, मेंढीला लगीच सुई मारायला लावतीस. मंग तुला काय कमी मोल हाय का?" सगळे त्याच्या तोंडाकडंच बघत राहिले. आठ दिवसांत बाई ऑपरेशनला गेली.

पुढचे महिने लई वाईट. औषधाच्या सलाईननं केस गेले, तोंडाची चव गेली. पण बाई खमकी. इलाजापुरती शालूकडं राहिली, टकलावर पदर घेऊन तिला संध्याकाळी फिरायला न्यायची आणि धाप लागली तरी तिलाच "पाय उचल" म्हणून दटावायची. डोळ्यांतून टिपूस काढला नाही.

मग इलाज संपल्यावरच्या तपासणीचा दिवस उजाडला. बिरू आदल्या रात्री जेवला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचले, वर बघितलं आणि म्हणाल्या, "आता आजाराचा मागमूस दिसत नाही. तपासणीला मात्र येत राहायचं."

बिरू उठला. दार उघडून बाहेर गेला, आणि भर दवाखान्यात त्यानं आरोळी ठोकली, "येळकोट येळकोट, जय मल्हार!" दिवसाला चार शब्द बोलणारा तो माणूस! पेशंट दचकून उठले, वॉचमन काठी घेऊन धावत आला. बानाबाई मागून पळत आली. "आवं, दवाखाना हाय ह्यो," म्हणत तिनं त्याची बाही ओढली. जिन्याच्या पायरीवर बसून ती हमसून हमसून रडायला लागली. बिरू तिच्याशेजारी टेकला आणि चारचौघांत, लग्नानंतर पहिल्यांदा, त्यानं तिचा हात हातात घेतला. वॉचमन सरका म्हणाला, तरी सोडला नाही.