खालच्या कप्प्यातली शाल

आता तुमच्यापासून काय लपवू? निम्म्या सोलापूरला कळलंय. कळवणारा इक्बाल, माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचं कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाईक टेकलं की माझी गोष्ट सुरू. त्याच्या तोंडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका.

माझी शोभा झाली ती एका शालीपायी. सत्कार म्हटला की शाल आली, आणि लेखकाला चार ठिकाणी बोलावलं की घरात शाली साठल्या. त्या पांघरणार कोण, सोलापूरच्या उन्हात? मग आलेली शाल घडी न मोडता पुढच्याला द्यायची. सगळेच देतात, बोलत कुणी नाही. पथ्य एकच : ज्याची शाल त्याच्याकडे परत जाऊ नये. आमच्या घरी हे पथ्य माझी बायको सुनंदा सांभाळायची. कुठली शाल कुणाची, सगळं तिच्या डोक्यात. मी दारात चपला घालत हात मागे करायचो, ती हातात पिशवी द्यायची.

तिला जाऊन वर्ष झालं. आता कपाट मीच उघडतो.

बिराजदार सर आम्हाला मंद्रूपच्या हायस्कुलात मराठी शिकवायचे. घरी कानडी बोलणारा माणूस, पण मराठीवर कोण जीव! तास सुरू झाला की एकाला उभं करायचे. आज सकाळी काय बघितलंस, घरी बोलतोस तसं सांग. मी एकदा हाय-न्हाय करत आमच्या म्हशीचं सांगितलं. पोरं हसली. सर हसले नाहीत. "पुढं? म्हस काय म्हणाली?"

आजवर मी जे काही लिहिलं, ते त्या 'पुढं?'चं उत्तर आहे. हे सरांना एकदा नीट सांगायचं होतं. सुनंदाला सांगायचं कितीतरी राहून गेलं. हे तरी राहायला नको.

म्हणून शाल काढली, भाषण पाठ केलं आणि इक्बालच्या गाडीवर बसून मंद्रूप गाठलं.

सर थकलेत, पण पाठ तशीच ताठ. भाषण झकास चाललं होतं. 'ज्ञानाचा दीप' येऊन गेला, 'ऋणात राहणं' आलं. मी शाल उलगडून सरांच्या खांद्यावर घातली. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. कप ठेवता ठेवता त्यांनी शालीचं टोक हातात धरलं.

"अय्यो, ही आमचीच की."

इथं शहाण्या माणसानं गप्प बसावं की नाही? मी म्हणालो, नाही हो काकू, अगदी तशीच मुद्दाम शोधून आणली. काकूंनी कोपरा पुढं केला. उंदरानं कुरतडलेल्या जागी त्यांनीच हिरव्या दोऱ्यानं रफू केलं होतं. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या वेळी सरांनी मला दिलेली शाल! मी तरीही हटलो नाही. म्हणालो, हल्ली असे टाके फॅशन म्हणून घालतात, हवं तर कापडवाल्याला विचारा.

काकूंनी कापडवाल्याकडे पाहिलं. इक्बालनं टोक डोळ्यांजवळ नेलं.

"फॅशन न्हाई काकू. हाताचं काम हाय. लई सुबक हाय."

याला म्हणतात जिवलग मित्र.

सरांनी चहाचा एक घोट घेतला. "भाषण झालं न्हवं? आता वर्गातल्यासारखं सांग. आज सकाळी काय झालं?"

मी उभाच होतो. सांगितलं. कपाट उघडलं. वरच्या कप्प्याला स्टूल लागतं, मला स्टुलाची भीती वाटते, म्हणून वर्षभर खालच्यातलीच शाल काढतो. कुठली कुणाची, हे सुनंदानं सांगितलं असणार आणि मी पेपर वाचत 'हं' म्हटलं असणार. आता शाल हातात घेऊन विचारायला स्वयंपाकघरापर्यंत जातो, आणि दारातून परत फिरतो.

"पुढं?"

मी चहाचा कप उचलला.

मग काकूच हळू आवाजात बोलल्या. "मागं आलती तवा सुनंदा मला म्हणली. द्यायच्या शाली वर ठेवते काकू, आणि जिवाभावाच्या खाली. तितं ह्यांना हात लावू देत न्हाई."



"म्हणजे वरीसभर," इक्बाल म्हणाला, "खालच्यातल्याच?"

पहिल्यांदा सर हसले. मग काकू. मग मीही, आणि हसता हसता डोळे पुसायला ती शालच हाताशी आली. सरांनी ती खांद्यावरून काढून माझ्या अंगावर टाकली. म्हणाले, हा दुसऱ्यांदा सत्कार, आता हिला घेऊन परत येऊ नकोस.

गाडीवर बसल्यावर आठवलं, जे सांगायला आलो ते म्हशीचं, त्या 'पुढं?'चं राहूनच गेलं. उतरून परत गेलो. सर दारातच उभे होते.

"सर, एक सांगायचं राहिलं."

"लिहून आण," सर म्हणाले. "घरी बोलतोस तसं."

तर सर, हे लिहिलं.

आणि वर्षभरात माझ्या हातून ज्यांचा ज्यांचा सत्कार झाला, त्यांना एक विनंती. खालच्या कप्प्यात आता ही एकच शाल उरलीय. तुमची तुम्ही पुढं दिली नसेल, तर तेवढी परत आणा. बदल्यात वरच्या कप्प्यातल्या हव्या तितक्या न्या. फक्त येताना स्टुलावर चढणारं कुणीतरी सोबत घेऊन या.