नावाड्याची मिशी

राहुरीच्या स्टँडवरून आम्ही निघालो तेव्हा सामान थोडं होतं. पत्र्याची एक ट्रंक, पिठाचा डबा, वळकटी. सोबत दहा वर्षांची सुनंदा. आणि ह्यांची मिशी. मिशी मी सामानातच धरते, कारण कोल्हापूरला निघालो होतो ते तिच्याच भरवशावर. एकाहत्तर साल होतं, पेरण्या व्हायच्या होत्या.

सासूबाई बैलगाडीतून स्टँडपर्यंत आल्या होत्या. रडल्या नाहीत. एसटीचं इंजिन सुरू झाल्यावर खिडकीशी आल्या आणि ह्यांना म्हणाल्या, "शिनेमावाल्यांच्या नादानं बाटलीतलं तेल लावू नको मिशीला. घरचं करडीचं दिलंय, तेच लाव." मग माझ्याकडे वळून, "ह्याला येळेवर खाऊ घाल. भूक लागल्याली कळत न्हाई त्याला." थोरले दीर, म्हणजे अण्णा, ट्रंक टपावर चढवून खाली उतरले आणि म्हणाले, "न्हाई जमलं तर परत या. हितं कोन हसनार न्हाई." हसणारे चिकार होते. त्यातले तिघे-चौघे तिथं स्टँडवरच उभे होते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. यात्रेतलं नाटक अण्णा बसवायचे. पेटी तेच वाजवायचे, पडदा तेच शिवायचे, पाठांतर न केलेल्याला शिव्याही तेच द्यायचे. ह्यांना नट केलं ते अण्णांनी. एका साली कारखान्याच्या स्पर्धेत नाटक गेलं. तिथं परीक्षक म्हणून आलेले कोल्हापूरचे एक डायरेक्टर ह्यांना म्हणाले, "ही मिशी आणि हा आवाज घेऊन आमच्याकडे या." लोक असं म्हणतात आणि विसरून जातात. हे विसरले नाहीत.

कोल्हापुरात आम्ही स्टुडिओमागच्या गल्लीत एक खोली घेतली. शेजारच्या आक्का "मी आलो, मी गेलो" असं बोलायच्या. पहिले आठ दिवस मला वाटायचं, भिंतीपलीकडं कोणी पुरुषमाणूस आहे. "काय वैनी, जेवलासा?" असं त्या विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता ताटली पुढं करायच्या. मला रडत बसायला वेळ नव्हता. मी डबे सुरू केले. स्टुडिओतल्या कामगारांना आमची नगरकडची मिश्र डाळींची शिपी आमटी आवडायला लागली, फक्त त्यात आणखी तिखट टाका म्हणायचे. नवे शब्दही शिकले. शेड्यूल, रिफ्लेक्टर, पॅकअप. कंटिन्युइटी म्हणजे काल जसा दिसलास तसाच आज दिस. गावात हे सगळ्यांना न सांगता जमतं, इथं त्यासाठी एक पगारी माणूस ठेवतात.

वर्षभर ह्यांना गर्दीतली कामं मिळाली. गर्दीतला पाटील, गर्दीतला हवालदार, एकदा तिरडीवरचं प्रेत. सासूबाईंना मी पत्रात प्रेताचं कळवलं नाही.

मग बहात्तरच्या श्रावणात डायरेक्टरांनी ह्यांना नावाड्याचं काम दिलं. तो पिक्चर कोणता ते तुम्हाला ठाऊक आहे, नाव लिहीत नाही. नावाडी सबंध पिक्चरभर नदीत असतो. होडी वल्हवतो, बुडणाऱ्यांना काढतो, शेवटी धारेत उडी घेतो. चिकटवलेली मिशी पाण्यात सुटते आणि केसांचा टोप पाण्यात फुगतो, म्हणून त्यांना खऱ्या केसांचा, खऱ्या मिशीचा माणूस हवा होता. "वस्तऱ्याला शिवायचं नाही," एवढीच ताकीद दिली. हे रोज सकाळी नदीवर जाऊन कोळ्यांकडून होडी शिकायला लागले. दोन महिन्यांत तळहातांना घट्टे पडले. मुळाकाठचा माणूस, पोहता येत होतं, पण होडी कधी पाहिली नव्हती. रात्री जेवताना पाटावर बसूनही खांदे वल्हवल्यासारखे हलायचे. सुनंदा हसायची.

शूटिंग दिवाळीनंतर कृष्णाकाठी व्हायचं होतं. त्या दुष्काळी साली पाऊस कसा झाला ते तुम्हाला मी सांगायला नको. कृष्णेचं पाणीही उतरत चाललं होतं. शेड्यूल पुढं ढकलायला जागा नव्हती. पाणी आहे तोवर पिक्चर.

दिवाळी झाली आणि अण्णांची तार आली. आई अत्यवस्थ, या. आम्ही पोचलो तेव्हा सासूबाई शुद्धीवर होत्या. ह्यांच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाल्या, "लई वाढवलीस रं." दोन दिवसांनी गेल्या. आईला अग्नी धाकट्यानं द्यायचा, ही आपल्याकडची रीत. ह्यांनी दिला. आणि दहाव्याला नदीवर मुलांनी केस-मिशी उतरवायची, हीही रीत. त्यात ज्यानं अग्नी दिला त्याला तर सुटकाच नाही.

स्टुडिओच्या मॅनेजरचं पत्र पाचव्या दिवशी आलं. दुःख कळलं, बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी निघा, कृपा करून केस राखा.

ह्यांनी ते पत्र अण्णांना दिलं. अण्णांनी वाचलं, घडी घातली, टोपी घातली आणि भावकी गोळा केली. आमच्या अंगणातच बसले सगळे. मी दाराआडून ऐकत होते.

"अग्नी त्यानं दिला. केस मी देतो," अण्णा म्हणाले. "आईची दोन्ही लेकरं. एकाची उतरली काय नि दोघांची उतरली काय."

"मंग आता मढ्यामागं बी हिरो चालायचा म्हना की," कोणीतरी म्हणालं. दोघे-तिघे हसले.

"हिरो न्हाई, नावाडी हाय," अण्णा म्हणाले. "आन तू हसू नको गेनबा. तुला राजाचं काम दिलं हुतं तवा तू पडद्याआड इंगेतच झोपला हुतास."

मग सगळेच हसले. भावकीतले म्हातारे तात्या म्हणाले, "कानामागचे चार केस काढा, भागतंय. चालतंय तेवढं." ठरलं. ह्यांच्या चेहऱ्यावर मी त्या आठवड्यात पहिल्यांदा तजेला पाहिला.

आता पुढचं. आजवर हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी टँकरची वाट बघत बायका हंडे घेऊन आमच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी आत भांडी घासत होते. एक म्हणाली, "माय मेली, मिशी जगली." दुसरी म्हणाली, "उद्या ह्यांच्या पोरीला कोन करून घेईल? म्हनतील, बापानं आईला केस बी दिले न्हाईत." बोलणं वाईट नव्हतं, सहज होतं. सहज होतं म्हणूनच मला लागलं. रागानं बोललेलं माणूस विसरतं, सहज बोललेलं गावात राहतं.

मी हात पुसले आणि ह्यांना गोठ्यात बोलावलं. जनावरं छावणीवर नेलेली, गोठा रिकामा होता.

"उद्या सगळं उतरवा," मी म्हणाले.

"अण्णानं भावकीला मनवलंय."

"तोंडं मनवली आहेत. सुनंदा ह्याच गावची लेक म्हणून उजवायची आहे. आणि कोल्हापुरात नाही जमलं तर आपण ह्याच दारात येणार आहोत. तुमचा एक पिक्चर जाईल. दुसरा मिळेल."

"नावाडी न्हाई मिळनार."

"मग दुसरं काही मिळेल."

त्यांनी दावणीतलं एक सुटं दावं उचलून खुंटीला अडकवलं. मग म्हणाले, "तू म्हनतीस म्हनून उतरवतो. पन मग हा विषय पुन्यांदा काढायचा न्हाई. तू बी न्हाई, मी बी न्हाई."

मी हो म्हणाले. त्यांनी आजवर पाळलं.

अण्णांना त्यांनी सकाळी नदीवर निघताना सांगितलं. अण्णांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि मग स्वयंपाकघराच्या दारात मी उभी होते तिकडं पाहिलं. माणूस नाटकं बसवणारा. कोणाचं वाक्य कोण बोलतंय ते त्यांना कळायचं.

नदीत पाणी नव्हतं. वाळूत खड्डा खणून वाटीवाटीनं भरलेल्या बादल्या ठेवल्या होत्या. अण्णांचं झालं. मग हे पुढं बसले. न्हाव्यानं वस्तरा हातातच धरला आणि अण्णांकडं पाहिलं. "अण्णा, ह्यांचं बी?"

"काढ," अण्णा म्हणाले.

सगळ्या गावानं ऐकला तो हा एवढा शब्द. नंतर पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. बायका माझ्याकडं बघून माना डोलवायला लागल्या. मला बरं वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण वाटलं होतं.

कोल्हापूरला परत गेल्यावर डायरेक्टरांनी ह्यांचा गोटा पाहिला आणि खुर्चीत बसले. रागावले नाहीत. "आई एकदाच जाते," म्हणाले. तरी एकदा टोप आणि मिशी चिकटवून कृष्णेत उतरवून पाहिलं. पहिल्याच डुबकीला मिशी एका बाजूनं सुटली. मग पुण्याचा एक नट आणला. त्याला होडी येत नव्हती. आठ दिवस ह्यांनी त्याला शिकवली, नीट शिकवली. नवव्या दिवसापासून शूटिंग सुरू झालं आणि हे घरी आले.

पिक्चर किती चालला ते तुम्ही जाणता. त्या नटाला पुढं लोक त्याच्या नावानं नाही, नावाडी म्हणूनच ओळखायला लागले. आम्ही तो थिएटरात एकदाच पाहिला. शेवटच्या उडीच्या वेळी हे एवढंच म्हणाले, "घाई केली. धार बघून उडी टाकायची असती." पुढं दोन-चार बारीक कामं मिळाली, मग तीही थांबली. ओळखीनं एका साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. केस आले. मिशी त्यांनी पुन्हा ठेवली नाही. बोलायचं नाही असं ठरलं होतं, त्यामुळं मी कारण विचारलं नाही.

दुसऱ्या साली यात्रेतल्या तंबूत तो पिक्चर आला. माझ्या जाऊबाईंनी मला पुढचं सांगितलं, मी उन्हाळ्यात गावी आले तेव्हा. आम्ही दोघी ओट्यावर शेंगा फोडत होतो. पिक्चर बघून आलेली माणसं पारावर जमली आणि अण्णांना विचारायला लागली, एवढं भावकीनं मोकळं केलं होतं, मग धाकट्याला वस्तऱ्याखाली कोणी बसवलं? अण्णा म्हणाले, "मीच सांगितलं. आईपुढं पिच्चर काय?"

जाऊबाई म्हणाल्या, "तुजं नाव न्हाई येऊ दिलं त्यांनी."

जाऊबाईंनाही माहीत होतं तर. मी काय बोलले? काही नाही. शेंगा फोडत राहिले. तेव्हा मी पारावर जायला हवं होतं, निदान अण्णांपुढं तरी उभं राहायला हवं होतं. मी मनात म्हटलं, दिरांनी आपणहून मिटवलंय, आपण कशाला उकरायचं. मला ते शहाणपणाचं वाटलं.

मिटलं नव्हतं. दर यात्रेला तंबू लागला की कोणीतरी म्हणायचंच, "अण्णा, चला, तुमी भादरलेल्या मिशीचा पिच्चर लागलाय." पुढं पोरांनी नाटक बसवायला घेतलं तेव्हा अण्णांना बोलावलं नाही. "त्यांच्या हाताखाली नट तयार झाला की भादरत्याल," म्हणाले. गंमतीनंच म्हणाले. अण्णांनी पेटी शाळेला देऊन टाकली. सुनंदाच्या लग्नात, ते लग्न गावातून नाही, कोल्हापुरातूनच झालं, मुलाकडच्यांनी आजीच्या दहाव्याचं एका शब्दानं विचारलं नाही. आम्ही परत त्या दारात राहायलाही कधी आलो नाही. ज्या दोन गोष्टींसाठी मी ह्यांना वस्तऱ्याखाली बसवलं, त्या दोन्हींची गरज पडली नाही.

गेल्या साली अण्णा गेले. दहाव्याला मी नदीवर होते. कालव्याचं पाणी आलं होतं, बादल्या लागल्या नाहीत. अण्णांचा मुलगा दशरथ वस्तऱ्याखाली बसला होता आणि मागं कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "ह्यांनीच धाकट्याचं नशीब भादरलं." दशरथनं ऐकलं. त्यानं मान आणखी खाली घातली. माझ्या तोंडात शब्द आले होते. तेराव्याचं जेवण करून मी एसटीत बसले तेव्हाही ते तोंडातच होते.

नंतर गावच्या वाचनालयाचं पत्र आलं, की गाव सोडून गेलेल्यांनी चार आठवणी लिहून पाठवाव्यात. ही माझी एकच आहे. ह्यांना वाचून दाखवली. म्हणाले, "अण्णाच्या शब्दाला खोटं पाडतीस." पाडते. बोलायचं नाही हा ह्यांना दिलेला शब्दही मोडते.

कोल्हापुरात आमचं आता स्वतःचं घर आहे. इथं मला कोणी नाव ठेवत नाही, कारण माझ्याबद्दल कोणाला फारसं माहीतच नाही. बरीच वर्षं मला ती सोय वाटली. गावातही मी तशीच वागले. येते, पाया पडते, दोन दिवस राहते, निघते. पाहुणीला कोण बोल लावणार? गावाच्या तोंडाला भिऊन मी नवऱ्याचं काम घालवलं, आणि त्या तोंडापुढं जायची वेळ आली तेव्हा दिरांच्या पाठीमागं उभी राहिले. ज्या गावाला आपल्याला नाव ठेवता येतं ते आपलं गाव, असं आता मला वाटतं, आणि मला नाव ठेवायला तुम्हाला मी आजवर जागाच दिली नाही. म्हणून यात्रेत तो पिक्चर पुन्हा लागेल आणि पारावर विषय निघेल, तेव्हा अण्णांचं नाव घेऊ नका. काय म्हणायचं ते मला म्हणा. दशरथला ऐकू जाईल असं म्हणा.