तेराव्यानंतरचा उपदेश

परवा फोनवर तुम्ही दोघं एका सुरात म्हणालात, "आजी, उपदेश नको करूस." बरं, नाही करत. पण शब्द तरी नीट समजून घ्या. संस्कृतात 'उप' म्हणजे जवळ आणि 'दिश्' म्हणजे दाखवणे. जवळ उभं राहून दाखवायचं, तो उपदेश. जन्मभर इंग्रजी वाचलेल्या मला हे सत्तरीत कळलं, तेही रागाच्या भरात शब्दकोश उघडला म्हणून.

राग आला होता तुमच्या आजोबांच्या आजारपणात. दुरून सल्ला देणारे तेव्हा उदंड होते. मग तेराव्याचं जेवण आटोपलं आणि माझं पुढे काय करायचं हे ठरवायला पुरुषमंडळी आमच्या एव्हरशाईनमधल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये बसली, पंख्याखाली, लाडू जिरवत. तुमचे बाबा व्हिडिओ कॉलवरून टीव्हीच्या पडद्यावर होते. नेट अडकल्यामुळे तोंड उघडं ठेवून थांबलेले.

"वहिनींनी फ्लॅट विकावा आणि मुलाकडे जावं," धाकटे दीर म्हणाले.

"नाहीतर आश्रम आहेत. हल्ली फार छान निघालेत," चुलत दीर म्हणाले. स्वतः एकही पाहिलेला नव्हता.

मला मात्र कुणी काही विचारेना. चहा कुणाला हवा, हे मीच विचारत फिरत होते. हे घर मला सोडायचं नव्हतं. मी ट्रे खाली ठेवला.

"ज्यानं सल्ला दिला, त्यानं आठवड्यातून एक दिवस इथे येऊन राहायचं. भावजी, तुम्हाला सोमवार चालेल?"

भावजींना एकदम गुडघा आठवला. चुलत भावजींना बस आठवली. तेवढ्यात तुमचे बाबा पडद्यावर हलले. "आई, तुझा आवाज येत नाहीये!"

भुईगावची नणंद तेवढी स्वयंपाकघरातून ओरडली, "मी बुधवारी येनार गं वहिनी! गुरुवारी माझा उपास, मासे चालत नाय."

तेव्हापासून दर बुधवारी ती पिशवीभर बोंबील घेऊन येते आणि ओट्यापाशी माझ्या कोपराला कोपर लावून उभी राहते. "किती पानी घालतेस! आता हलवू नको. एवढी शिकलीस, पन कालवन काय जमत नाय तुला." दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. मी मुकाट्यानं गॅस बारीक करते.

फ्लॅट विकायचं पुन्हा कुणी बोललेलं नाही. तुमच्या बाबांच्या सुट्टीचा शनिवार मात्र अजून रिकामा आहे. बाबांना म्हणावं, यायचं असेल तर आधी कळवा. गादीला ऊन दाखवावं लागतं.